डाव्या हाताची बारा पेरं

नाशिकच्या इंदिरानगरातल्या माझ्या क्लिनिकच्या भिंतीवर अठरा वर्षं एक पाटी होती. पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरं: 'लिहायला लाज वाटेल ते खाऊ नका.' ओळ माझीच. रंगाऱ्याने 'लाज' हा शब्द जरा मोठा काढला, तेव्हा मीच त्याला म्हटलं होतं, राहू दे, छान दिसतोय. आता ती पाटी कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभी आहे. भंगारवाल्याला द्यायचा धीर होत नाही, कारण तो ती आणखी कुणाला विकेल आणि ती दुसऱ्या कुठल्या तरी भिंतीवर लागेल, अशी मला भीती वाटते.

या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, "मॅडम, वजन कमी करायला येणाऱ्या लोकांचे गमतीदार किस्से लिहा." किस्से आहेत, एखादा सांगतेही. पण चोवीस वर्षं हा व्यवसाय केल्यावर जे सांगितल्याशिवाय राहवत नाही ते गमतीचं नाही, आणि त्यात चूक माझ्याकडे येणाऱ्यांची नाही.

लोकांना वाटतं, डाएटवाली बाई म्हणजे 'हे खा, ते खाऊ नका' अशी यादी देणारी. यादी कुणीही देतं, हल्ली तर मोबाईलही देतो. आमचं खरं काम असतं ते माणूस काय खातो हे आधी त्याचं त्याला कळू देण्याचं. दिवसभरात आपण काय खाल्लं हे कुणालाच नीट आठवत नाही. मुलाच्या ताटातला उरलेला अर्धा पराठा, ऑफिसातला वाढदिवसाचा पेढा, फोडणी टाकता टाकता तोंडात टाकलेले शेंगदाणे. पोटात सगळं जातं, लक्षात काहीच राहत नाही. म्हणून वही. साधी शंभर पानी वही, खाल्लं की लगेच लिहायचं आणि दर शनिवारी माझ्यासमोर आणून ठेवायची.

मी लाल पेन घेऊन बसायची. चांगल्या ओळीवर बरोबरची खूण, वाईट ओळीभोवती गोल. दहा-बारा जण एकत्र बसलेले असायचे, आणि ज्याने त्याने आपापल्या गोलातल्या ओळी मोठ्याने वाचायच्या. 'मंगळवार, सासूबाईंच्या उपासाची साबुदाणा खिचडी, दोनदा.' सगळे खो खो हसायचे. वाचणारीही हसायची. हसणं म्हणजे आनंदच असतो, असं मला तेव्हा वाटायचं.

एक निवृत्त इंजिनिअर यायचे, त्यांना आपण अण्णा म्हणू. अण्णांची वही वाचावी तर एखाद्या योग्याचा दिनक्रम. ज्वारीची भाकरी, पालक, ताक, पुन्हा ताक. वजन मात्र तसूभर हलत नव्हतं. एका शनिवारी त्यांना ताप आला म्हणून काकू वही घेऊन आल्या. उघडली तर आत लिहिलेलं, 'रविवार, मिसळ, पाव चार, तर्री तीनदा, जिलबी. सोमवार, कालची जिलबी.' काकू चुकून खरी वही घेऊन आल्या होत्या. अण्णा दोन वह्या ठेवत होते, एक माझ्यासाठी आणि एक स्वतःसाठी. पुढच्या शनिवारी ती खरी वही मी सगळ्यांना वाचून दाखवली. लोकांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. अण्णाही हसले, आणि त्यानंतर पुन्हा आले नाहीत.

मी म्हटलं, चोरी पकडली गेली की असंच होतं. आज वाटतं, त्या माणसाने आपली मिसळ माझ्या हातून शहाणपणाने वाचवली. नुकसान झालं ते ज्यांना खोटं लिहिता येत नव्हतं त्यांचं.

आता त्या पेरांबद्दल सांगते, कारण ती युक्तीही माझीच. लग्नसराईत वही कुठे काढणार? पंगतीत बसून लिहायला लागलं तर वरमाय काय म्हणेल? पण जेवताना डावा हात रिकामाच असतो. अंगठा सोडून चार बोटं, प्रत्येकाला तीन पेरं, अशी झाली बारा. एक पोळी किंवा पोळीएवढं काही पोटात गेलं की अंगठा एक पेर पुढे सरकवायचा. बारा संपली की दिवस संपला. मग समोर अमृत आलं तरी नको म्हणायचं. मी आधी स्वतः वर्षभर करून पाहिलं आणि मगच इतरांना शिकवलं. आपल्या बायकांना पेरांवर जप मोजायची सवय असतेच, त्यामुळे युक्ती भराभर पसरली.

एका लग्नात समोरच्या पंगतीत माझ्याकडच्या पाच जणी एका ओळीत बसल्या होत्या. पाचही जणींचे डावे हात मांडीवर, आणि पाच अंगठे सावकाश सरकतायत. मला कोण कौतुक वाटलं! मी नवऱ्याला कोपराने ढोसून दाखवलं. तो म्हणाला, "जेवतायत की जप करतायत?"

"दोन्ही," मी म्हटलं, आणि स्वतःच्याच उत्तरावर खूश झाले.

वैशाली माझ्याकडे आली ती याच भरात. इथल्याच एका शाळेत गणित शिकवायची, दोन लहान मुलं, माहेर बागलाणातल्या नामपूरचं. वडील नव्हते, आई आणि भाऊ कांद्याची शेती बघायचे. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचं वजन बरंच वाढलं होतं, शाळेचे जिने चढताना गुडघे दुखायचे, म्हणून डॉक्टरांनीच तिला वजन उतरवायला सांगितलं होतं. कारण रास्त होतं आणि बाई कष्टाळू. अशी माणसं आम्हाला फार आवडतात.

तिची वही म्हणजे नमुना होती. पट्टीने आखलेले रकाने, एक खाडाखोड नाही. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी तिने लिहिलं होतं, 'पोहे एक वाटी, त्यात शेंगदाणे अकरा.' मला हसू आलं. अकरा! मी त्या अकरावर लाल चांदणी काढली आणि वही सगळ्यांना फिरवून दाखवली, बघा, याला म्हणतात लिहिणं. ज्या बाईला पोह्यातले शेंगदाणे मोजावेसे वाटतात तिचा हात धरून तिला तिथेच थांबवायला हवं होतं. मी चांदणी काढली.

वजन उतरत गेलं. तिचा आधीचा आणि नंतरचा फोटो मी माझ्या पत्रकावर छापला. केस गळतायत असं ती एकदा म्हणाली, पाळी पुढेमागे होतेय असंही म्हणाली. मी म्हटलं, होतं थोडं, शरीर बदलतंय. हे लिहितानाही माझी मान वर होत नाही. मला तेव्हा कळत नव्हतं असंही नाही, कारण कॉलेजात हे सगळं शिकूनच मी बाहेर पडले होते.

मग एकदा ती दिवसभरासाठी माहेरी जाऊन आली. त्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'आईकडे जेवण. भरीत, भाकरी. किती ते माहीत नाही.' तिच्या संपूर्ण वहीत 'माहीत नाही' हे शब्द तेवढे एकदाच होते. मी त्यांच्याभोवती गोल काढला आणि बाजूला लिहिलं, 'माहीत नाही चालणार नाही. वजन करून लिहा.' स्वयंपाकघरात ठेवायचा छोटा काटा कुठे मिळतो तेही सांगितलं.

त्यानंतर आली आखाजी. नाशिक शहरात अक्षय तृतीया म्हणजे आमरस आणि सोन्याच्या दुकानातली गर्दी. बागलाणात, खानदेशात ती आखाजी, लेकींचा सण. लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आणि आई खापरावरची पुरणपोळी करते. तिला मांडा म्हणतात. चुलीवर मातीचं खापर उपडं घालायचं आणि पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरवायचा, मग तो खापरावर टाकायचा. लाटणं नाही, पोळपाट नाही, नुसते हात. वर तूप आणि सोबत वाटीभर रस. सासरी मोजून मापून खाणाऱ्या पोरीने त्या दिवशी मोजायचं नसतं, आणि वाढणारीनेही नाही.

त्या आखाजीला नामपुरात काय घडलं ते मला पुढे जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर कळलं. एका बुधवारी सकाळी वैशालीची आई एकट्याच क्लिनिकमध्ये आल्या. लिलाबाई त्यांचं नाव. नामपूरहून सटाण्याला, तिथून एसटीने नाशिकला, मुलीकडे उतरल्या आणि ती शाळेत गेल्यावर तिची वही पिशवीत घालून माझ्याकडे. डोक्यावरचा पदर नीट करून त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. अहिराणी मला बोलता येत नाही, पण समजते.

"मॅडम, उन्हाळ कांदा आम्ही काट्यावर मोजतस," त्या म्हणाल्या. "पोरना ताटले काटा लावतस का कोनी?"

त्या सांगत राहिल्या. पहाटेपासून चुलीपाशी बसून त्यांनी मांडे केले. दंडावर चटका बसलेला, तोही दाखवला. पंगत बसली, भावजय, चुलत बहिणी, सगळ्या पोरी. आणि वैशालीने पर्समधून काटा काढून ताटाशेजारी ठेवला. मांड्याचे चार तुकडे केले, एक तुकडा काट्यावर ठेवला, आकडा बघितला, आणि उरलेले तीन आईच्या हातात परत दिले. मग एका चुलत बहिणीला हसू फुटलं, आणि वैशाली तेवढा तुकडा खाऊन उठून गेली.

"जेवनारना घास मोजू नही, आमना कडे म्हणतस," लिलाबाई म्हणाल्या. "नजर लागस. मी कधी कोना घास मोजा नही. मनी पोर भुकी शे, मॅडम. माले दिखस ना."

त्यांनी वही उघडून आखाजीचं पान काढलं. रकान्यात वैशालीच्या सुबक अक्षरात लिहिलेलं होतं, 'मांडा, चतकोर, अठ्ठेचाळीस ग्रॅम. रस नको म्हटलं.' आणि त्याच्यापुढे लाल पेनाने, मोठ्या वळणदार अक्षरात, 'शाब्बास.' लिलाबाईंना वाचता येत होतं. तरी त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "हाई काय शे?"

चोवीस वर्षांत मला अनेकांनी अनेक प्रश्न विचारले. भात खाल्ल्याने वजन वाढतं का, लिंबूपाण्याने चरबी वितळते का. 'शाब्बास' म्हणजे काय, हे कुणी विचारलं नव्हतं.

वाटलं होतं, त्या आता मला बोलतील. त्यांनी बोलायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं. पण त्या हात जोडून म्हणाल्या, "ती मनं ऐकत नही. तुमनं ऐकस. मायना हातनं खावानं, मोजानं नही, इतलंच लिखी द्या. लाल पेनघाई लिखी द्या."

आपल्या हातचं आपल्या मुलीने खावं म्हणून एक आई माझ्याकडे परवानगीची चिठ्ठी मागत होती. मी लाल पेनाचं टोपण काढलं. मी लिहिलं, 'आईच्या हातचं खावं. मोजू नये.' त्यांनी शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली, वही पिशवीत ठेवली आणि मला विचारलं, "फी कितली?" मी नुसती मान हलवली. पिशवीतून मूठभर भुईमुगाच्या शेंगा काढून टेबलावर ठेवून त्या गेल्या.

मला वाटलं, सुटले. चूक केली, दुरुस्तही केली. दोन आठवड्यांनी वैशाली आली, वही पुढे केली. 'आईकडे जेवण. मोजलं नाही.' आणि त्यापुढे बरोबरची खूण. ती तिने स्वतःच काढली होती, लाल पेन विकत घेऊन.

"तुम्ही लिहिलं होतं तसं केलं, मॅडम," ती म्हणाली. "पण नंतर दोन दिवस दुसरं काही खाल्लंच नाही, किती झालं असेल ते कळेना ना. बरोबर केलं ना मी?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पेपर तपासून घ्यायला आलेल्या मुलीचा आवाज होता तो. तेव्हा मला कळलं की ती जेवत नव्हती, माझी परीक्षा देत होती. मी 'खा' लिहिलं काय आणि 'खाऊ नका' लिहिलं काय, तिची भूक तिच्याकडे उरलीच नव्हती. ती माझ्या पेनात येऊन बसली होती.

हे कळल्यावर मी लगेच तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, असं लिहायला मला फार आवडेल. मी तीन आठवडे घालवले. कारण पत्रकावर तिचा फोटो होता, आणि ते पत्रक गावभर वाटलेलं होतं. लोक विचारतील, त्या फोटोतल्या बाईचं काय झालं? तीन आठवडे मी हा विचार करत होते. चौथ्या आठवड्यात ती जिन्यात चक्कर येऊन बसली, आणि मग मी तिच्या नवऱ्याला फोन केला, सगळं सांगितलं आणि म्हटलं, हे माझ्या हातातलं राहिलेलं नाही. तिचे उपचार सुरू झाले, शाळेतून तिने वर्षभर रजा घेतली. ती वही मी मागून घेतली. अजून माझ्याकडे आहे.

त्यानंतर पाटी उतरवली आणि शनिवारची बैठक बंद केली. वही मी आजही देते, कारण तिचा उपयोग होतो हे खोटं नाही. पण दोनच आठवडे. त्यात आकडा लिहायचा नाही. केव्हा खाल्लं, भूक किती होती, सोबत कोण होतं, एवढंच. बायका म्हणतात, "सोबत कुणी नव्हतं, उभ्याउभ्याच खाल्लं." मग आम्ही बसून खाण्याबद्दल बोलतो. त्यात पोळ्यांची संख्या येतच नाही, आणि वजनं उतरायची ती सावकाश उतरतातच. दोन आठवडे झाले की वही बंद. कुणी म्हणालं, "मॅडम, अजून थोडे दिवस लिहू द्या, लिहिल्याशिवाय चैन पडत नाही," तर मी त्यांना तिथेच सांगते की आता लिहायचं नाही. कुणी घरच्यांबरोबर जेवायचं टाळायला लागलं, एखाद्या पदार्थाचं नाव घेताना घाबरायला लागलं, तर वजनाचा विषय बाजूला आणि आधी डॉक्टर. अशाने माझे निम्मे लोक कमी झाले. त्यांना कडक मॅडम हव्या असतात. मोबाईलवर भरपूर मिळतात.

या वर्षी आखाजीच्या आधी लिलाबाईंचा फोन आला. "मॅडम, येवानंच शे." नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

नामपुरात घराच्या मागे कडुनिंबाला झोका बांधला होता. वैशाली झोक्यावर बसली होती. अंगाने भरलेली, चेहऱ्यावर तुकतुकी, मोठी मुलगी तिच्या खांद्याला आलेली. मला बघून उठली आणि शेजारी जागा करून दिली. मी म्हटलं, "वैशाली, माझं फार चुकलं गं."

"मॅडम, हे तुम्ही पाचव्यांदा म्हणताय," ती हसून म्हणाली. मग एकदम जीभ चावली. मोजलं होतं तिने. मी पायाने झोक्याला रेटा दिला.

पंगत बसली. ती माझ्या समोर. लिलाबाईंनी तिच्या ताटात घडी घातलेला अख्खा मांडा वाढला, तुपाची धार सोडली. वैशालीने घास मोडला, खाल्ला, पुन्हा मोडला. शेजारणीशी बोलत, हसत खात होती. आणि मग माझी नजर तिच्या मांडीवर गेली. डावा हात उताणा पडला होता. अंगठा तर्जनीच्या तळच्या पेरावर होता. पोळीमागे नाही, आता घासामागे एक पेर: एक घास झाला, अंगठा वर सरकला. बोलणं चालू, हसणं चालू, आणि खाली अंगठ्याचं काम चालू. तिला स्वतःलाही ते माहीत नसावं.

लिलाबाई रसाचं पातेलं घेऊन आल्या. त्यांनी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं नाही, हाताकडे पाहिलं. वाटी रसाने काठोकाठ भरली, आणि ताटात न ठेवता तिच्या त्या डाव्या हातात दिली. "धर," म्हणाल्या, "सांडशी." चारी बोटं वाटीखाली गेली, अंगठा काठावर बसला. वैशालीने वाटी तोंडाला लावली. जेवण होईपर्यंत तो हात रिकामा राहू नये, याची लिलाबाई काळजी घेत होत्या. वाटी संपत आली की त्या पुन्हा भरत. हे त्या किती वर्षं करत असतील ते मी विचारलं नाही.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "मॅडम, अजून वाढू?" मी मान खाली घातली, तर माझा डावा हात माझ्या मांडीवर होता, आणि अंगठा मधल्या बोटाच्या शेवटच्या पेरावर. मी हो म्हटलं. त्यांनी वाढलं, आणि माझा अंगठा पुढच्या बोटावर गेला.